कुंभोजकरांच्या घराचं मागचं दार

आमच्या सानिकाचं बारसं झालं, त्याच्या चौथ्या दिवशी मी तेरदाळे अण्णांना घेऊन कुंभोजकरांचं विकाऊ घर दाखवायला तिसऱ्यांदा गेले. सानिका म्हणजे माझ्या लेकाची पहिली पोर, म्हणून साल पक्कं ध्यानात आहे, दोन हजार आठ. सांगलीला मोठा पूर येऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

आधीच्या दोन वेळा अण्णा एकटेच आले होते. या वेळी त्यांची बायको, कमलवैनी, बरोबर होत्या. रिक्षा फाटकाशी थांबली आणि अण्णांनी नि रिक्षावाल्यानं मिळून त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. वैनींनी एका हातानं खुर्चीचा दांडा धरला होता, दुसरा मांडीवर तसाच पडलेला. चार वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून डावी बाजू गेली होती. राहायला दुसऱ्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या. झटका आला त्या दिवशी खाली आल्या होत्या, दवाखान्यातून वर गेल्या, आणि मधे दोनदा डॉक्टरकडे नेलं तेवढंच. रस्ता कसा दिसतो ते विसरले, असं त्या म्हणायच्या.

"सावकाश ओ," त्या अण्णांना म्हणाल्या. "मी काय यष्टीचं इंजिन न्हाई."

"इंजिन बरं. त्ये गप ऱ्हातं," अण्णा म्हणाले. एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं काढलेला माणूस. नुकताच रिटायर झाला होता, आणि मिळालेल्या पैशातून त्यांना एकच गोष्ट करायची होती. बायकोला तळमजल्यावर आणायचं.

त्यांनी वैनींना व्हरांड्यात ठेवलं. समोर मोठा रस्ता, रस्त्यापलीकडे शाळेचं मैदान. मधल्या सुट्टीची वेळ होती. पोरांचा गलका चालला होता. वैनी मैदानाकडं तोंड करून बसल्या. थोड्या वेळानं मला म्हणाल्या, "हौसाक्का, पोरं डबा खाताना भांडत्यात अजून. मला वाटलं ते बंद झालं आसंल."

मी हसले. मनात म्हटलं, हे घर ठरलं.

घर दाखवायची माझी एक रीत होती. घराची खोट मी आधी दाखवायची. नळाला पाणी सकाळी सहालाच येत असेल, तर गिऱ्हाइकाला सकाळी सहाला न्यायची, धार किती बारीक ते बघू द्यायची. शेजारी पिठाची गिरणी असेल तर ती चालू असताना न्यायची. स्वयंपाकघरात बाईला खाली बसवून विचारायची, बघा, इथून पोरांवर लक्ष राहतं का. बाकीचे एजंट हसायचे. म्हणायचे, हौसाबाई घर विकत नाहीत, मोडतात. पण ज्यांनी माझ्या हातून घर घेतलं त्यातला एकही माणूस मला रस्त्यात बघून तोंड फिरवत नव्हता. हे त्या हसणाऱ्यांना म्हणता येत नव्हतं.

पूर येऊन गेल्यापासून मी आणखी एक करत होते. घराच्या मालकाला देवघरासमोर उभं करायची आणि विचारायची, "साहेब, पाणी आलं होतं का?" कितीही पक्का माणूस असला तरी तिथं उभा राहिला की अडखळतो. कुंभोजकर साहेब अडखळले नव्हते. "फाटकाच्या पायरीला लागलं आणि परत गेलं," असं म्हणाले होते. भिंती मी बघितल्या होत्या. कुठं वण नव्हता, रंग नवा होता. रस्ता उंच होता. आजूबाजूची दोन घरं बंद होती, विचारायला कुणी नव्हतं. म्हणून मी अण्णांना माझ्या तोंडानं सांगितलं होतं, "अण्णा, हितं पाणी न्हाई आलं. मी खात्री केलीया."

आज कुंभोजकर साहेब पुण्याहून आले होते. इसार घ्यायचा, कागद करायचा, संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं असा त्यांचा बेत. बँकेत मोठ्या जागेवर होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. बायको-मुलगा पुण्यात, घर दोन वर्षं बंद. ते आतल्या खोलीत टेबलावर कागद मांडून बसले होते.

"सगळं बघितलंत ना वहिनी?" त्यांनी बाहेर येऊन विचारलं.

"धुणं कुठं धुवायचं?" वैनी म्हणाल्या.

"मागे मोठी जागा आहे. दगड आहे, नळ आहे."

"बघू की मग. ह्यांनाच धुवायचंय. माझी खुर्ची न्हेता येती का तिथवर, तेवढं बघा. ह्यांना धुताना सांगायला कोन तरी पायजे."

मागचं दार आधीच्या दोन्ही खेपेला उघडलंच नव्हतं. कडी निघायची, पण दार चौकटीत असं रुतून बसलं होतं की हलायचं नाही. साहेब म्हणाले होते, बंद घर, लाकूड फुगतं. आज अण्णांनी खांदा लावला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा दार करकरून उघडलं आणि उजेड आत आला.

मी पुढं झाले. पन्नाशी ओलांडलेली, गुडघे तेव्हाच गेलेले. आयुष्यभर डोक्यावर ओझं वाहिल्यावर आणखी काय होणार. दारातून दोन पायऱ्या खाली होत्या. मी उतरायला म्हणून भिंतीला हात लावला आणि वरच्या पायरीवर जरा टेकले.

टेकले आणि उठता येईना.

त्या पायरीचा डावा कोपरा फुटलेला होता. त्या फुटक्या कोपऱ्यावर भांड्यांची पाटी तिरकी बसायची, म्हणून मी डोक्यावरची चुंबळ काढून तिच्याखाली सरकवायची. माझी पाटी. माझी चुंबळ. समोर तो धुण्याचा दगड, त्याच्यापलीकडे बोळ.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. मी एजंट झाले ती मागाहून. त्याआधीपासून चोवीस वर्षं मी जुन्या कपड्यांवर भांडी देत या गावात फिरले. पाटीत स्टीलची पातेली, वाट्या, तांबे. बाईनं जुनी लुगडी, पँटी काढून द्यायच्या, मी भांडं द्यायचं. दुपारी पुरुष कामावर, पोरं शाळेत. दोन दोन तास घासाघीस चालायची, आणि त्यात कुणाच्या घरी काय चाललंय ते सगळं कानावर पडायचं. कोण घर सोडणार, कुणाला खोली हवी. मी एकीचं दुसरीला सांगायची. त्यातूनच हा धंदा लागला, पुराच्या वर्षापर्यंत दोन्ही चालायचं.

पण भांडीवालीला पुढच्या दारानं कोण घेतं? मी गावातली शेकडो घरं ओळखायची ती मागच्या बाजूनं. बोळ, पायरी, दगड, मोरीचं तोंड. बायकांची नावंही मला माहीत नसायची. मी त्यांना त्यांच्या मागण्यांवरून ओळखायची. एक नरसाळेवाली, एक डबेवाली. या पायरीवरची होती ती झाकणवाली. कुठलंही भांडं घेतलं की म्हणायची, "ह्याला झाकण?" झाकण दिल्याशिवाय साडी सोडायची नाही. तिचा नवरा मी कधी बघितला नव्हता. पुढच्या फाटकावर पितळी पाटी होती, तिच्यावर नाव होतं, पण मला वाचता येत नव्हतं. आणि वाचता आलं असतं तरी झाकणवालीचं आडनाव मला कुठं माहीत होतं.

पूर ओसरल्यावर पंधरा-वीस दिवसांनी मी या पायरीवर बसले होते. झाकणवालीनं दारातून मागच्या खोलीतल्या कपाटाच्या फळ्या दाखवत कपड्यांचे तीन ढीग आणून टाकले होते. तळच्या फळीवरच्या सात साड्या, नुसता चिखल. दुसऱ्या फळीवरच्या साड्यांची खालची अर्धी घडी मळलेली, वरची अर्धी कोरडी. तिसऱ्या फळीवरची पोराची शाळेची मरून स्वेटरं चांगली होती, नुसता वास येत होता. ती म्हणाली होती, "बाई, टाकून द्यायला जीव होत नाही, तू ने." मी सगळं नेलं. तीन पाण्यांत धुतल्या तरी त्या साड्यांतून मळी निघत होती. माझी नखं आठवडाभर काळी होती.

"काय झालं ओ हौसाक्का?" आतून वैनींनी हाक मारली. "चक्कर आली का?"

"न्हाई. आले."

मी उठले. पायरी चढून आत यायला किती वेळ लागणार. तेवढ्यात माझ्या डोक्यात काय काय आलं ते लपवत नाही. गप्प बसावं, असंही आलं. वैनी व्हरांड्यात कशा बसल्या होत्या ते डोळ्यासमोर आलं. पाणी काय दर वर्षी येतं, असंही आलं. मग दिसलं की अण्णांनी खुर्ची मागच्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटापाशी आणून ठेवलीय. कडप्प्याच्या फळ्यांचं कपाट. दुसरी फळी वैनींच्या खांद्याच्या उंचीला होती.

"साहेब," मी म्हणाले, "तुमच्या मिसेसना पातेल्याच्या झाकणाची लई हौस होती न्हवं?"

कुंभोजकर साहेबांना काही कळलं नाही. ते हसले. "कुणाची?"

"तुमच्या मिसेसची. गोऱ्या, बुटक्या. हनुवटीवर तीळ."

"तुम्ही कधी भेटलात तिला?"

"ह्या मागच्या पायरीवर. धा-बारा वर्षं. मी भांडी विकायची." मग मी अण्णांकडं वळले. "अण्णा, मी तुमाला चुकीचं सांगितलं. ह्या घरात पाणी आलं होतं. ह्या फळीपर्यंत आलं होतं."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं, मग फळीकडं. वैनींनी मान वळवली नाही. त्यांना वळवायला वेळ लागायचा.

"काय बोलताय हौसाबाई," साहेब म्हणाले. आवाज अजून मऊच होता. "तुमचा घोटाळा होतोय. शंभर घरं फिरता तुम्ही."

"देवघरासमोर हुबं राहून सांगितलंसा तुमी."

"देवघर?" ते जरा हसले. "देव्हारा रिकामा होता, हौसाबाई. देव आम्ही केव्हाच पुण्याला नेलेत."

बाकी कुणी हसलं नाही. मग त्यांना वाटलं असावं की आपण भलतंच बोललो. ते टेबलाकडं गेले, एक कागद उचलून आणला आणि माझ्या हातात दिला.

"हे घ्या. पालिकेचा दाखला. या घराला पुराची बाधा नाही म्हणून स्पष्ट लिहिलंय. वाचा. मोठ्यानं वाचा, सगळ्यांना ऐकू दे."

त्यांना माहीत होतं. पहिल्याच दिवशी घराची किल्ली घेतल्याच्या कागदावर मी त्यांच्यासमोर अंगठा उठवला होता.

मी कागद धरून उभी राहिले. उलटा धरला होता का सुलटा, तेही मला ठाऊक नाही. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान माणूस. कान तापले. आयुष्यात लोकांनी मला पुष्कळ बोल लावले होते, दारातून हुसकलं होतं, कुत्री सोडली होती. पण त्या कागदाइतकं काही लागलं नव्हतं.

"वाचता येत नाही ना?" साहेब म्हणाले. "मग ज्याला येतं त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा माणसानं."

"आना हिकडं," वैनी म्हणाल्या.

त्यांनी उजवा हात पुढं केला. मी कागद दिला. त्यांनी तो मांडीवर पसरला, चष्मा नाकावर सरकवला. सावकाश वाचलं. वरपासून खालपर्यंत, सगळं.

"ही घरपट्टीची पावती हाय," त्या म्हणाल्या. "ह्यात पाण्याचं एक अक्षर न्हाई."

"चुकून दुसरा कागद आला. तो फाइलमध्ये..."

"असंल. सापडला की दावा."

तेवढ्यात अण्णा कपाटात वाकले होते. वर्कशॉपचा माणूस, त्यांनी खिशातली किल्ली काढून कपाटाच्या दाराच्या बिजागऱ्यांवरचा रंग खरवडला होता. आधी वरची बिजागरी, मग खालच्या दोन. आता त्यांनी अंगठा पुढं केला. अंगठ्यावर तांबडी भुकटी होती.

"वरची चांगली हाय," ते म्हणाले. "खालच्या दोन आतनं खाल्ल्यात. ह्यो गंज नुसत्या दमट हवेचा न्हवं साहेब. ह्ये लोखंड बुडाल्यालं हाय."

साहेबांचा चेहरा आता लाल झाला होता. "थांबा," ते म्हणाले. "उगाच वाद नको. माझी मिसेस पूर आला तेव्हा इथंच होती. तिलाच विचारू." त्यांनी खिशातून मोबाइल काढला, नंबर लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. ती आपलीच री ओढणार याची इतकी खात्री होती त्यांना.

"अगं, मी सांगलीतून बोलतोय," ते म्हणाले. "व्यवहार चाललाय. इथं एक बाई आहेत, त्या म्हणतायत आपल्या घरात पुराचं पाणी आलं होतं. तू जरा या लोकांना सांग बघू, काय ते."

"कोण बाई?" पलीकडून आवाज आला.

"एजंट आहेत. आधी भांडी विकायच्या म्हणे."

"भांडीवाली? हौसा?" आवाज एकदम खुलला. "हौसा आहे तिथं? दे, दे तिला."

"मी हितंच हाय ताई," मी म्हणाले.

"अगं कुठं होतीस? पुण्यात नाही गं येत कुणी तुझ्यासारखं. आणि झाकणं तर कुणी देतच नाही. हौसा, पुरातल्या त्या साड्या गं, त्यातली माझी एक जांभळी इरकल होती, लग्नातली. मी मागून फार रडले. धुऊन निघाली का गं ती?"

"निघाली ताई. काठ जरा फिके झाले."

"मला वाटलंच. कमरेएवढ्या पाण्यात तीन दिवस..."

साहेबांनी फोन उचलून बंद केला.

बाहेर शाळेची घंटा झाली. साहेब कागद गोळा करायला लागले. गोळा करता करता म्हणाले, "बघा तेरदाळे, पंचवीस-तीस वर्षांत एकदा येतं असं पाणी. मी दरात थोडं कमी करतो."

अण्णांनी वैनींकडं बघितलं. मला ते बघणं आवडलं नाही. त्यात विचारणं होतं.

"मला भाईर न्ह्या," वैनी म्हणाल्या.

आम्ही दोघांनी खुर्ची व्हरांड्यात नेली. मैदान आता मोकळं होतं. वैनी तिकडंच बघत होत्या.

"किती म्हणाली ती? कमरेएवढं?"

"व्हय."

"तुझ्या कमरेएवढं म्हंजे माझ्या पलंगाच्या वर."

"वर."

"ह्यांनी उचललं असतं मला."

"कुठं न्ह्यायचं उचलून?" अण्णा म्हणाले. "ह्याला माडी न्हाई. गच्चीचा जिना पत्र्याचा, एक माणूस जाईना तिथनं."

वैनींनी माझ्याकडं बघितलं. त्यांचा अर्धाच चेहरा हलायचा, पण त्या अर्ध्या चेहऱ्यावर सगळा राग होता.

"तुला हे आधी कसं कळलं न्हाई गं? दोन येळा आलीस की ह्यांना घेऊन. मी तिकडं दोन म्हैनं ह्या व्हरांड्याचं सपान बघत पडले. मला हितं आणून बसवलंस, आन् मग सांगितलंस."

"पुढच्या दारानं मी कधी आलेच न्हवते वैनी," मी म्हणाले.

मी पुढं म्हणाले, "हे घर तुमाला घ्यायचंच आसंल तर मी आडवी येत न्हाई. साहेब दर पाडून देतील. पण साक्षीला मी ऱ्हाणार न्हाई. न्हाई घेतलं, तर दुसरं मी हुडकून देते. रस्ता दिसंल असं."

"रस्ता दिसंल असं," वैनी म्हणाल्या, माझ्याच शब्दांत. "रिक्षा बोलवा."

कुंभोजकर साहेब संध्याकाळच्या गाडीनं गेले. जाताना गावातल्या दोन एजंटांना भेटून गेले. हौसाबाई जमलेला व्यवहार मोडते, तिच्याकडं घर देऊ नका, असं सांगून गेले. पुढचे दोन-तीन महिने माझ्याकडं नवं घर आलं नाही. ते जाऊ दे.

दुसरं घर मिळायला सात महिने लागले. एकतीस घरं बघितली. प्रत्येक घराला मी आधी मागच्या बोळातून जायची, मग पुढून. तळमजला असेल तर रस्ता नाही, रस्ता असेल तर पायऱ्या, दोन्ही असेल तर ते अण्णांच्या हाताबाहेर. शेवटी विश्रामबागेच्या बाजूला, उंचावर, एका जुन्या इमारतीत तळमजल्याच्या दोन खोल्या मिळाल्या. व्हरांडा नव्हता. पण पुढच्या खोलीला मोठी खिडकी होती, थेट रस्त्यावर उघडणारी.

वैनींना आणलं तेव्हा मी रीतीप्रमाणं खोट आधी सांगितली. "समोर मंगल कार्यालय हाय. लगीनसराईत बँडनं डोकं उठंल. जेवणावळी, मोटारी, भोंगे. झोप मिळायची न्हाई."

वैनी खिडकीतून बघत होत्या. समोर कमानीवर आदल्या दिवशीची फुलं सुकून लटकत होती.

"रोज लगीन असतंया?"

"मुहूर्त आसंल तवा रोज."

"म्हंजे वरात हितनं जाणार."

"दारावरनं."

त्यांनी अण्णांना सांगितलं, "पलंग हितं. डोकं तिकडं, पाय हिकडं." एवढंच. माझ्याशी त्या दिवशी त्या आणखी काही बोलल्या नाहीत.

मी जायची अधूनमधून. अण्णा चहा करायचे. वैनी खिडकीशी उशीला टेकून. तुळशीची लग्नं झाली आणि मुहूर्त सुरू झाले. कार्यालयाच्या कमानीवर रोज नवी पाटी लागायची, थर्माकोलची मोठमोठी अक्षरं, रंगीत. एक दिवस वैनी म्हणाल्या, "हौसाक्का, आज कुणाचं लगीन हाय समोर?"

"मला काय ठावं."

"पाटीवर लिवलंय की."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"त्या साहेबानं तुझ्या हातात कागद दिला न्हवं," त्या म्हणाल्या, "तवापास्नं माझ्या मनात हाय. मी सातवी शिकल्ये, लई न्हाई. ये हितं, जवळ बस. ते पयलं दिसतंय त्ये 'चि'. सगळ्या पाट्यांवर पयलं त्येच असतंया. त्ये आज वळखायचं. बाकीचं उद्या."

मी त्रेपन्न वर्षांची होते. त्या सराईत मी 'चि' शिकले, मग 'सौ', मग 'कां'. मग नावं. रोज दोन नवी नावं मिळायची. वैनी म्हणायच्या, ह्या नवऱ्या मुलाच्या नावात जोडाक्षर हाय, बापानं बिचार केला न्हाई तुझा. पावसाळ्यात लग्नं बंद पडली की आम्ही खाली पडलेली जुनी अक्षरं वापरायचो, अण्णा कार्यालयाच्या मागून गोळा करून आणायचे. तिसऱ्या वर्षी मी पहिला खरेदीचा कागद स्वतः वाचला, सगळा, वरपासून खालपर्यंत. वाचायला दोन तास लागले. वकील दोनदा बाहेर जाऊन आला. मी उठले नाही. शेवटी माझं नाव लिहिलं. अंगठ्याची शाई त्यांनी पुढं केली होती, ती मी बाजूला सरकवली.

कुंभोजकरांचं घर पुढच्याच वर्षी विकलं गेलं होतं, दुसऱ्या एजंटाकडून. मी घेणाऱ्यांना जाऊन सांगितलं. त्यांना माहीत होतं. त्यांनी दर पाडून घेतलं होतं आणि मग वर मजला चढवला. दोन हजार एकोणीसच्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी पुन्हा आलं, पाच सालापेक्षा मोठं. त्या घरात ते खालच्या मजल्याच्या पंख्याला लागलं. माणसं वर होती, होडीनं काढली.

माझंही घर गेलं त्या पाण्यात. मी, लेक, सून आणि सानिका अकरा दिवस वैनींकडं होतो. समोरच्या मंगल कार्यालयात गावभागातली माणसं आणून ठेवली होती, कमानीखाली चपलांचा ढीग. वैनी खिडकीतून सगळ्यांना नावं विचारत होत्या आणि कुणाचं कोण हरवलंय ते सानिकाला वहीत लिहायला लावत होत्या. मी भाकरी थापत होते.

"हौसे," त्या म्हणाल्या. त्या वर्षी त्या मला अक्का म्हणायचं सोडून हौसे म्हणायला लागल्या होत्या. "लोकांच्या घराची खोट आधी सांगत फिरलीस जन्मभर. तुझ्या घराची कुणी सांगितली न्हाई व्हय?"

"माझं घर मला कोन इकणार. मीच बांधलं."

"मग तू वाईट एजंट हायस."

"व्हय," मी म्हणाले.

त्या हसल्या. अण्णा मागं उभे होते, तेही हसले. मग वैनी खिडकीकडं वळल्या. तिकडंच बघत म्हणाल्या, "तो व्हरांडा चांगला होता पण." आणि मग, "बरं केलंस."

अकरा वर्षांनी म्हणाल्या. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं, आज लिहिते आहे.

कमल बाबूराव तेरदाळे दोन हजार एकवीस साली, फेब्रुवारीच्या नऊ तारखेला, मंगळवारी सकाळी त्या खिडकीशी, आपल्या पलंगावर गेल्या.